ब्लॉडवेनला पाय लागला

"म्हणजे पैसे देऊन गुराखी व्हायचं?" पद्माकरने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टीव्हीकडे तोंड फिरवलं.

प्रश्न तसा चुकीचा नव्हता. त्याच्या लेकीने, मंजिरीने, पाठवलेल्या पत्रकात तेच लिहिलं होतं, फक्त गोड शब्दांत. मिड वेल्सच्या डोंगरात मिसेस प्रिचर्ड नावाच्या बाईंचं गाईगुरांचं फार्म होतं. तिथे आठवडाभर राहायचं, घोड्यावर बसायचं आणि उन्हाळाभर डोंगरावर चरलेली गुरं हिवाळ्यासाठी खाली आणायला मदत करायची. लंडनची हौशी मंडळी त्यासाठी महिनेच्या महिने आधी बुकिंग करत. मंजिरी ॲबरिस्टविथच्या युनिव्हर्सिटीत भूगोल शिकत होती आणि शनिवार-रविवारी याच फार्मवर घोड्यांचं शेण काढायला जायची. नॉटिंगहॅमच्या घरी स्वतःचा कप न विसळणारी मुलगी तिकडे जाऊन शेण काढते, हे ऐकून तिच्या आईने, सुप्रभाने, कपाळावर हात मारून घेतला होता.

"आमच्या आजोबांनी शिरवळला गुराखी ठेवला होता," पद्माकर टीव्हीला म्हणाला. "तो पगार घ्यायचा."

"तुम्ही नका होऊ गुराखी. नुसते गाडीत बसा," सुप्रभा म्हणाली. "पण मी बुकिंग केलंय आणि गाडी मी चालवणार आहे."

हे तिने जरा जास्तच ठसक्यात सांगितलं, कारण गाडी चालवायला ती त्याच वर्षी शिकली होती. शिकावीच लागली. १९८८च्या जानेवारीत, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पद्माकरला स्ट्रोक झाला. इतकी वर्षं हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन पुन्हा शुद्धीवर आणणारा हा माणूस एका सकाळी दाढी करता करता बाथरूममध्ये कोसळला. नशीब थोर, वाचा काही आठवड्यांत परत आली. पाय उन्हाळ्यापर्यंत आला. उजवा हात मात्र आला नाही. तो खिशात जाऊन बसला आणि तिथेच राहिला.

फिजिओथेरपीच्या मुलीने स्पष्ट सांगितलं होतं, "डॉक्टर, हातात ताकद बरीचशी परत आलीये. पण तुम्ही त्याला काम सांगतच नाही. सगळं डावा करतो, म्हणून उजवा विसरून गेलाय." त्यावर पद्माकर घरी येऊन म्हणाला होता, "कालची पोर मला न्यूरॉलॉजी शिकवते!" आणि त्यानंतर त्याने तिच्याकडे जाणंच सोडलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ सुप्रभाच्या घरात आरामखुर्चीत बसलेला होता.

डिसेंबरात हॉस्पिटलवाले त्याच्या नोकरीचं ठरवणार होते. त्याने स्वतःपुरतं आधीच ठरवून टाकलं होतं. "सांगून टाकतो, मी रिटायर होतो." सुप्रभाला पैशांची धास्ती नव्हती, ती शाळेत गणित शिकवायची, दोघांचं भागलं असतं. तिला धास्ती त्या खुर्चीची होती. एकदा का माणूस 'झालं आपलं' म्हणाला की त्याला खुर्चीतून कोण उठवणार? गणपतीला महाराष्ट्र मंडळाचं जेवण होतं, तेव्हाही तो आला नव्हता. पानावर बसून डाव्या हाताने जेवताना चारचौघांनी पाहायला नको म्हणून. रोज सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण बटणं लावून होईपर्यंत तो तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहायचा, ते तिला सोसत नव्हतं.

म्हणून ऑक्टोबरात, शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत, तिने त्याला गाडीत घातला आणि वेल्सला नेला.

मिसेस प्रिचर्ड साठीच्या, रुंद हाडाच्या आणि मोठ्या आवाजाच्या बाई होत्या. "मीट खात नाही? अजिबात? बरं, मग कॉलिफ्लॉवर चीज," त्या म्हणाल्या, आणि आठवडाभर त्यांनी कॉलिफ्लॉवर चीजच दिलं. ही गुरं कशासाठी पाळतात ते सुप्रभाला ठाऊक होतं. तिने त्यावर थोडा वेळ विचार केला आणि मग विचार करायचा नाही असं ठरवलं. इंग्लंडात वीस वर्षं काढली की माणसाला एवढं जमतं.

पहिले दोन दिवस पद्माकर सुप्रभाच्या शब्दाला जागला. खरंच गाडीत बसला. अंगणात उभ्या केलेल्या त्यांच्या ऑस्टिनमध्ये, काच वर करून, मांडीवर पेपर पसरून. बाहेर लंडनची मंडळी जीन्स घालून घोड्यांवर चढत होती, मंजिरी लगाम धरून त्यांना शिकवत होती आणि आत हा पान उलटत होता, डाव्या हाताने. मंजिरी एकदा काचेशी आली. "बाबा, बाहेर या ना. टॉफीवर बसा. खूप शांत घोडा आहे तो, really, he's like a sofa."

"घरी आहे सोफा," पद्माकर म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गुरं खाली आणायची होती. सकाळी मिसेस प्रिचर्ड तरातरा अंगण ओलांडून आल्या आणि त्यांनी गाडीच्या काचेवर थाप मारली. "डॉक्टर, माझा एक गडी फ्लूने झोपलाय. मला एक माणूस कमी पडतोय."

सुप्रभा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. पुढे काय होणार हे तिला माहीत होतं, म्हणजे तो काच खालीसुद्धा करणार नाही. पण बाईंनी नकळत नेमकी नस पकडली होती. 'वुई आर वन शॉर्ट'. हॉस्पिटलात काढलेल्या सगळ्या आयुष्यात या वाक्याला पद्माकरने कधी नाही म्हटलं नव्हतं. जेवणावरून उठून गेला होता, दिवाळीच्या आंघोळीवरून गेला होता, मंजिरीच्या बारशातून गेला होता. बाई विनवत नव्हत्या, कीव करत नव्हत्या, ड्यूटी लावत होत्या.

"मला एकच हात आहे," तो म्हणाला.

"एक पुष्कळ झाला. माझा बाप युद्धाहून एक हात घेऊन आला, त्यावर त्याने तीस वर्षं घोडा चालवला. आणि तुम्हाला पळवायचं कुठे आहे? नुसतं वाटेत उभं राहायचं."

पद्माकरने पेपरची घडी घातली आणि दार उघडलं.

त्याला घोड्यावर चढवणं हा एक सोहळाच झाला. दगडी ओट्यावर उभं करून मंजिरीने पुढून ओढला, बाईंनी मागून रेटला आणि टॉफी, तपकिरी रंगाचा, पिंपासारख्या पोटाचा म्हातारा घोडा, डोळे अर्धे मिटून उभा राहिला. वर पोचल्यावर पद्माकरने डाव्या हातात लगाम घेतला, उजवा ॲनोरॅक जाकिटाच्या खिशात कोंबला आणि असा ताठ बसला की जणू पेशवाईच चाललीय. सुप्रभाला हसू आलं आणि त्याचबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते तिने, शाळेचे हेडमास्तर त्यातलेच. घोड्यावरून गाई हाकणारा नवरा आजच पाहिला.

काम सोपं होतं. डोंगरावरून येणारी दगडी भिंतींमधली वाट खाली एका ठिकाणी फुटायची. एक फाटा फार्मच्या गोठ्यांकडे जायचा, तिकडे गुरं जायला हवीत. दुसरा गावातल्या चॅपलकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, उतरायचा, तिकडे जायला नकोत. त्या दुसऱ्या फाट्याच्या तोंडाशी पद्माकरने टॉफीला आडवा घालून उभं राहायचं. समोर टर्निपच्या, म्हणजे सलगमाच्या, शेताचं मोडकं फाटक होतं, तिथे सुप्रभाने वेलिंग्टन बूट घालून, हात पसरून उभं राहायचं. "मोठ्या दिसा," बाईंनी तिला बजावलं. "गाईंना वाटलं पाहिजे की इथून वाट नाही." पाच फूट उंचीच्या सुप्रभाने होता होईल तेवढं मोठं दिसायला सुरुवात केली.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग वरून कुत्री भुंकल्याचे आवाज आले, आणि लगेच डोंगराच्या कुशीतून गुरं दिसायला लागली. लालसर तांबडी, पांढऱ्या तोंडांची, अंगाने दणकट. मागे घोडेस्वार, त्यांत मंजिरी, तोंडाने विचित्र आवाज काढत. पहिली दहा-पंधरा जनावरं शहाण्यासारखी गोठ्याकडे वळली. त्यांच्यामागून आणखी वळली. सुप्रभाने पद्माकरकडे पाहिलं. तो खुशीत होता! थंडीने नाक लाल झालेलं, भुवया चढलेल्या. ऑपरेशन थिएटरच्या दारात उभा राहून 'पेशंट तयार आहे' म्हणणारा तिचा नवरा तिला जानेवारीनंतर पहिल्यांदा दिसला.

कळपात एक म्हातारी गाय होती, ब्लॉडवेन नावाची. बाकीच्यांना नंबर होते, हिला नाव होतं, कारण वय झालं होतं आणि मान होता. ती घाईत नव्हती. तिने फाट्याशी थांबून सगळीकडे नीट पाहिलं, स्वतःचा विचार केला आणि सरळ टॉफी आणि दगडी भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली. फट बेताची, गाय ऐसपैस. तिची कूस पद्माकरच्या उजव्या बुटाला चांगलीच घासली.

आणि पद्माकरने लगाम सोडला.

त्याने डाव्या हाताने खोगिराचा पुढचा कठडा धरला, उजवीकडे वाकला आणि खिशातून उजवा हात बाहेर काढला. तो हात ब्लॉडवेनच्या पाठीला लागला, तिथून वर आला, आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला. लहान मुलं देवळात करतात तसा चटकन. शिरवळला आजीने शिकवलेला तो नमस्कार होता: गाईला पाय लागला की करायचा, मग तुम्ही कुठेही असा आणि कोणीही असा.

सुप्रभाचे पसरलेले हात आपोआप खाली आले.

यानंतर जे झालं त्याला दोघंही सारखेच जबाबदार होते. लगाम सैल पडलेला पाहून टॉफीने ड्यूटी संपली असं समजून कडेच्या गवतात तोंड घातलं. गावाची वाट मोकळी झाली. ब्लॉडवेन त्या वाटेने निघाली आणि म्हातारी जाते म्हणजे बरोबरच असणार, असं मानून पंधरावीस गाई तिच्या मागे निघाल्या. इकडे मोकळ्या फाटकातून, मोठं दिसायचं विसरलेल्या सुप्रभाच्या दोन्ही बाजूंनी, तेवढीच गुरं टर्निपमध्ये घुसली. वरून मिसेस प्रिचर्डनी जी आरोळी ठोकली ती वेल्श भाषेत होती, पण तिचा अर्थ कोणालाही लागला असता. "आई! बाबा! What are you doing?" मंजिरी ओरडत खाली आली.

उरलेला दिवस गुरं गोळा करण्यात गेला. टर्निपमधली लवकर निघाली. गावाकडे गेलेली चॅपलच्या आवारात सापडली. थडग्यांवर वाहिलेली शेवंतीची फुलं ती सावकाश, मन लावून खात होती. लंडनच्या मंडळींना मात्र फार मजा आली. पत्रकात एवढं कबूल केलेलं नव्हतं.

सुप्रभा चिखलात धावली, घसरली, उठली आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. तिने जे पाहिलं ते खरंच पाहिलं का? पद्माकरला तर पत्ताच नव्हता. टॉफी हलला तेव्हा तो खोगीर धरून सावरत होता, आणि हात पुन्हा खिशात गेला होता. सांगावं का त्याला? सांगितलं आणि तो म्हणाला, 'तुला भास झाला,' तर? किंवा त्याने सगळ्यांसमोर हात उचलून पाहिला आणि तो उचललाच नाही, तर? बोलून दृष्ट लागेल या भीतीने गणिताच्या शिक्षिका सुप्रभाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

संध्याकाळी सगळे स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी चहाला बसले. पद्माकर टोकाला, मान खाली घालून. "आपण उद्या सकाळी घरी जाऊ," तो सुप्रभाला हळूच म्हणाला. "नुसतं उभं राहायचं होतं, तेही जमलं नाही मला."

मिसेस प्रिचर्डनी भलीमोठी किटली टेबलावर ठेवली आणि त्याच्यासमोर बसल्या. राग चॅपलपाशीच संपला होता, आता नुसती चौकशी उरली होती. "एक सांगा, डॉक्टर. छान उभे होतात तुम्ही. लगाम का सोडलात?"

"माझा पाय लागला तिला."

"गाईला? मग?"

पद्माकर ओशाळला. "आमच्यात गाईला पाय लागला तर तिला हात लावून नमस्कार करतात. क्षमा मागतात म्हणा. लहानपणापासूनची सवय. ते विचार करून होत नाही, होऊन जातं. तुमचं फार नुकसान झालं, मला माफ करा."

बाईंनी त्याच्या कपात चहा ओतला. "या फार्मवर कुंपणांनी दगा दिलाय, कुत्र्यांनी दिलाय," त्या म्हणाल्या, "पण माझ्या गाईला सॉरी म्हणायला थांबलेला माणूस पहिलाच."

सगळे हसले. सुप्रभा हसली नाही. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"अहो," ती मराठीत म्हणाली, "नमस्कार कुठल्या हाताने केलात?"

"म्हणजे काय? उजव्या हाताने!" पद्माकर वैतागून म्हणाला. "डाव्या हाताने कोणी गाईला नमस्कार करतं का?"

आणि तो थांबला.

त्याने आपल्या खिशाकडे पाहिलं. मग सुप्रभाकडे. "तू पाहिलंस?"

"पाहिलं. दोन्ही डोळ्यांना लावलात. म्हणून तर माझ्या बाजूची गुरं टर्निपमध्ये गेली."

मंजिरीने हातातली बशी खाली ठेवली. "Oh my God, बाबा," ती म्हणाली आणि तिने मिसेस प्रिचर्डना भराभर इंग्रजीत सगळं सांगितलं. पद्माकरने डाव्या हाताने उजवा हात खिशातून काढला आणि परक्या माणसाला बसवावं तसा टेबलावर ठेवला. मग चहाच्या कपाकडे बघितलं. बोटं हलली नाहीत. पुन्हा बघितलं. बोटं थरथरत पुढे सरकली, कपाच्या कानात अडकली, कप इंचभर उचलला गेला आणि सगळा चहा टेबलभर सांडला.

"सांडू दे," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. "या टेबलाने वासरं जन्मलेली बघितलीयत." आणि त्यांनी कप पुन्हा भरला.

पद्माकर रडत होता. लपवत नव्हता. इतक्या परक्या लोकांसमोर तो रडेल असं सुप्रभाला स्वप्नातही वाटलं नसतं. "इतके महिने रोज माझी बटणं लावलीस," तो म्हणाला. "मी एकदाही तुझ्याकडे बघितलं नाही. मला बघवत नव्हतं गं. तू होतीस म्हणून मी आहे, एवढं साधं बोलता आलं नाही मला."

"आता बोललात ना," सुप्रभा म्हणाली. तिने त्याचा ओला, चहाने चिकट झालेला उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि मनातल्या मनात आधी गाईचे, मग शिरवळच्या आजेसासूबाईंचे आभार मानले. त्या आजेसासूबाई हयात असताना तिने त्यांचे आभार कधी मानल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते घरी गेले नाहीत. पद्माकर सकाळी उठून गोठ्यात गेला. ब्लॉडवेन कालच्या पराक्रमानंतर निवांत रवंथ करत होती.

"हिचं पुढे काय करणार?" त्याने जरा भीतभीतच विचारलं.

"हिचं? काही नाही. ही म्हातारी इथेच मरणार, माझ्यासारखी," मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. पद्माकरचा जीव भांड्यात पडला. त्याने हात उचलायचा प्रयत्न केला. आज तो सहज आला नाही; बोलावल्यावर अडून बसला, अर्ध्यावर आला, पडला, पुन्हा आला. शेवटी गाईच्या पाठीवर टेकला. "थँक यू, ब्लॉडवेनबाई," तो म्हणाला. मंजिरीने तेवढ्यात फोटो काढला, नेमका गाईने कॅमेऱ्याकडे तोंड केलं तेव्हा.

नॉटिंगहॅमला परतल्यावर सोमवारी सकाळी त्याने स्वतः फिजिओथेरपीच्या मुलीला फोन केला आणि म्हणाला, "तुमचं बरोबर होतं." एवढं म्हणायला त्याला गाय हाकण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. डिसेंबरात हॉस्पिटलवाल्यांना त्याने सांगितलं, मला उन्हाळ्यापर्यंत वेळ द्या. त्यांनी दिला.

पण त्याआधी, फार्मवरून येऊन आठवडाभरात, वसुबारस आली. दर वर्षी सुप्रभा देव्हाऱ्यातल्या छोट्या चांदीच्या गाय-वासरावर हळदकुंकू वाहायची. या वर्षी तिने त्याशेजारी मंजिरीने पाठवलेला फोटो ठेवला: पांढऱ्या तोंडाची ब्लॉडवेन आणि तिच्या पाठीवर एक हात.

"कुंकू तुम्ही लावा," ती म्हणाली.

"हे बायकांचं काम ना?"

"ती तुमची डॉक्टर आहे. लावा."

पद्माकरने कुंकवाच्या करंड्यात उजव्या हाताचं बोट बुडवलं. हात थरथरत फोटोपर्यंत गेला, कपाळापाशी पोचला, डगमगला आणि खाली घसरला. ब्लॉडवेनच्या पांढऱ्याशुभ्र तोंडावर, कपाळापासून नाकपुडीपर्यंत, लालभडक रेघ उमटली.

"नाकाला लागलं गं," तो हिरमुसून म्हणाला. "थांब, पुसतो."

"अजिबात पुसायचं नाही," सुप्रभा म्हणाली. तिने तो फोटो फ्रेम करून जिन्यापाशी लावला, जिथून तो आता रोज सकाळी धडपडत स्वतःची बटणं स्वतः लावत खाली उतरताना त्याला दिसेल.